कराराविना कॅमेरा नाही!



बँकांमध्ये संगणक आला तेव्हाची गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांना त्या काळी ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणून हिणवले गेले. पण याच संघटनांनी ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशनशी संगणकीकरणाचा करार केला आणि २९ ऑक्टोबर १९९३ रोजी आणखी एक केला. त्या करारांत काय मिळाले नि काय हातचे गेले, यावर आजही वाद घालता येईल. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. यंत्र आले ते वाटाघाटीच्या टेबलावरून आले. ते कुठे आणि कोणत्या कामासाठी बसायचे, हे कागदावर उतरले आणि त्या कागदाखाली कामगारांच्या प्रतिनिधींची सही होती.

आता बेंगळुरूच्या औद्योगिक पट्ट्यात एक फेरी मारा. पीण्या, बोम्मसंद्र, जिगणी, बिडदी, दोड्डबळ्ळापूर, होसूर रोड. छतावर, खांबावर, यंत्राच्या डोक्यावर, जेवणघराच्या दारात, कॅमेरे लटकलेले दिसतील. यांपैकी किती कॅमेऱ्यांच्या मागे संघटनेची सही आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर शून्य येईल. कॅमेरा हा सेवाशर्तीतला बदल आहे, हेच आपण मनावर घेतले नाही. तो वीजेच्या बल्बासारखा आला, सोमवारी कामावर आलो तर बसलेला होता, आणि आपण वर बघून पुन्हा खाली मान घातली.

कॅमेरा बसवण्याचे तंत्र मालकाला शिकवणारे पुष्कळ आहेत. किती कॅमेरे घ्या, कोणता संगणक घ्या, डिस्क केवढी घ्या, हे विक्रेता चहा पिता पिता फुकट सांगतो. कामगाराच्या बाजूने मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हे लिखाण. शाखेच्या कार्यकारिणीने हे तंत्र मालकाइतकेच शिकले पाहिजे, कारण जे यंत्र कळत नाही त्याच्यावर वाटाघाट करता येत नाही.

आधी हे आले कसे ते पाहू. पीण्याच्या छोट्या कारखान्यांत सुरुवात झाली ती साध्या पीसीवर. मालकाच्या केबिनमधल्या संगणकात एस. पी. रोडवरून, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवरून, आणलेले एक कॅप्चर कार्ड खोचायचे, त्याला जाड केबलने चार कॅमेरे जोडायचे, की झाले. चित्र इतके पुसट यायचे की माणूस ओळखायचा तो चालण्यावरून. कामगार हसायचे. मग डीव्हीआरचा डबा आला, मग नेटवर्कच्या केबलवर चालणारे आयपी कॅमेरे आले, चारांचे सोळा झाले, सोळांचे बत्तीस. चित्र लख्ख झाले आणि मालकाच्या मोबाइलवर गेले. पहिला कॅमेरा नेहमी स्टोअरमध्ये बसतो, चोरीच्या नावाने. त्याला कोणी विरोध करत नाही, करूही नये. दुसरा गेटवर बसतो. तिसऱ्याचे तोंड हळूच उत्पादनाच्या ओळीकडे वळते, आणि तिथून पुढे ‘सुरक्षा’ हा शब्द फक्त बिलावर उरतो.

सुरक्षेचे म्हणाल तर बेंगळुरूनेच देशाला एक धडा दिला आहे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सकाळी शहराच्या मध्यवस्तीत, कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एका एटीएममध्ये पैसे काढायला गेलेल्या महिला बँक अधिकाऱ्यावर एकाने शटर आतून ओढून कोयत्याने वार केले. कॅमेरा चालू होता. त्याने सगळे इमानाने टिपले. ते चित्रण देशभर दूरदर्शनच्या पडद्यांवर दिवसरात्र दाखवले गेले. एटीएमला नव्हता तो फक्त पहारेकरी. हल्लेखोर आंध्र प्रदेशातील मदनपल्लीत पकडला गेला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळाने, चित्रण हाती असताना! हल्ल्यानंतर कर्नाटक सरकारने प्रत्येक एटीएमवर पहारेकरी ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा काय झाले? पहारेकरी नेमण्याऐवजी राज्यातील हजाराहून अधिक एटीएमची शटरे खाली आली. पुढे बँकांनी ‘ई-सर्व्हिलन्स’ नावाची सोय काढली आणि जे थोडे पहारेकरी होते तेही कमी होत गेले. कॅमेऱ्याला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, साप्ताहिक सुटी नाही. पण तो धावून येत नाही, एवढे साधे सत्य त्या सकाळी रक्ताने लिहिले गेले. व्यवस्थापन जेव्हा ‘तुमच्याच सुरक्षेसाठी कॅमेरे’ असे म्हणते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: पहारेकऱ्यांची संख्या तेवढीच राहणार आहे का? आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरा धडा बेंगळुरूपासून तास-दीड तासाच्या अंतरावरचा, कोलार जिल्ह्यातील नरसापूरचा. १२ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात वेतनाच्या प्रश्नावरून संताप उसळला आणि मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन कोणतीही जबाबदार संघटना करणार नाही. बहुसंख्य कामगार कंत्राटी होते आणि पाळी आठ तासांवरून बारा तासांवर नेलेली होती. हजेरी व वेतनाच्या नोंदींतला घोळ सरकारी खात्याच्या तपासात पुढे आला, आणि काही कामगारांना वेतन बरोबर व वेळेवर मिळाले नाही हे खुद्द कंपनीने कबूल केले. आता गंमत बघा. कामगाराचे तास मोजणारे यंत्र नीट चालत नव्हते, त्याची तक्रार महिनोन्‌महिने कोणाला ऐकू गेली नाही. पण कामगाराचा चेहरा टिपणारे यंत्र चोख चालत होते. त्याच चित्रणाच्या आधारे माणसे शोधून पकडली गेली. एकाच छताखाली दोन यंत्रे, एक बिघडलेले, एक धडधाकट. कोणते दुरुस्त ठेवायचे हे ठरवणारा हात कोणाचा, हे सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे ‘कॅमेरा नको’ असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. तिथे कॅमेरा कोठडीतल्या माणसाच्या बाजूने, सत्तेवर रोखलेला आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. बॉयलरवर, ट्रान्सफॉर्मरवर, रसायनांच्या गोदामात, रात्रपाळीच्या मुली बसमधून उतरतात त्या फाटकावर कॅमेरा असावा, हेही आमच्याच मागणीपत्रात असू शकते. प्रश्न आहे तो त्याचे तोंड कुणीकडे आणि किल्ली कोणाकडे, याचा.

आता यंत्राकडे वळू.

पीसीवर चालणाऱ्या या व्यवस्थेचे भाग थोडेच असतात. कॅमेरे, त्यांना वीज आणि जोडणी देणारा स्विच, चित्रण साठवणारा संगणक, त्यातली हार्ड डिस्क, आणि चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हार्ड डिस्क आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. डिस्क भरली की सॉफ्टवेअर सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिते. म्हणजे चित्रण किती दिवस टिकणार हे साहेबाच्या तोंडी आश्वासनावर अवलंबून नसते, ते डिस्कच्या आकारावर असते, आणि त्याचे गणित कोणीही खजिनदार करू शकतो. बऱ्या प्रतीचे चित्र देणारा एक कॅमेरा सेकंदाला सुमारे २ मेगाबिट माहिती पाठवतो असे धरा. २४ तासांत त्याची २१.६ जीबी होते. असे १६ कॅमेरे असले तर दिवसाला ३४५.६ जीबी. चार टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरली. चित्राची प्रत उतरवली किंवा नव्या पद्धतीने दाबून साठवले तर दिवस वाढतील, पण हिशेबाची रीत हीच.

हे गणित कशासाठी? कर्नाटकात २०१७ चा सार्वजनिक सुरक्षा अंमलबजावणी कायदा आहे. एका वेळी १०० किंवा दिवसाला ५०० माणसे येतात अशा आस्थापनांना त्याने कॅमेरे बसवायला लावले आणि चित्रण ३० दिवस जपायला सांगितले. व्यवस्थापन या कायद्याचा पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचून दाखवते: ‘आम्ही काय करणार, सरकारचा हुकूम आहे.’ ठीक. मग उरलेला अर्धा आपण वाचू. १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण म्हणजे वरच्या हिशेबाने १० टीबीच्या वर जागा. तुमच्या कारखान्यात चार टीबीची डिस्क असेल आणि तरी ‘कायद्याप्रमाणे’ म्हणत असतील, तर डिस्कवरचे लेबल वाचायला मागा. आणि हेही विचारा की सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याने शिलाई यंत्राच्या डोक्यावर, एकेका बाईच्या हातावर रोखलेला कॅमेरा कुठे मागितला आहे?

चित्रण पुसले जाणे हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही, यात माणसांच्या नोकऱ्या जातात. बेंगळुरूतील एका मशीन शॉपमध्ये (नाव घेत नाही) एका ऑपरेटरला ‘यंत्र सोडून भटकत असल्याबद्दल’ आरोपपत्र मिळाले. पुरावा म्हणून चाळीस सेकंदांची फीत होती. त्यात तो यंत्रापासून दूर चालत जाताना दिसतो. खातेअंतर्गत चौकशीत आम्ही बचाव प्रतिनिधी म्हणून बसलो आणि संपूर्ण पाळीचे चित्रण मागितले. कूलंट संपल्याचे सुपरवायझरला सांगायला तो गेला होता आणि तीन मिनिटांत परतला, असे त्याचे म्हणणे. उत्तर आले की बाकीचे चित्रण ‘सिस्टीममध्ये उपलब्ध नाही’. चाळीस सेकंद उपलब्ध, आणि त्यानंतरची तीन मिनिटे उपलब्ध नाहीत! यंत्राची माहिती असलेल्या एका मित्राला विचारले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, ती फीत घटनेच्या दुसऱ्याच दिवशी वेगळी काढून ठेवली होती, म्हणजे ती काढताना पुढचे-मागचे सगळे डिस्कवर होते. दोन, आरोपपत्र बरोबर सोळाव्या दिवशी दिले होते, आणि डिस्क पंधरा दिवसांत फिरत होती.

यावरून शाखांनी पुढची पद्धत पाठ करून ठेवावी. कोणाही सभासदाबाबत काही घडल्याची कुणकुण लागली, तोंडी दम दिला गेला, किंवा ‘तुझे फुटेज बघतो’ असे कोणी बोलले, तर आरोपपत्राची वाट पाहू नका. त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र द्या: अमुक तारखेच्या अमुक पाळीचे, अमुक क्रमांकाच्या व त्याच्या शेजारच्या कॅमेऱ्यांचे संपूर्ण चित्रण ताबडतोब वेगळे काढून सुरक्षित ठेवावे, त्यावर नवे लिहिले जाऊ देऊ नये, आणि एक प्रत संघटनेला द्यावी. पोच घ्या. पोच देत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. यानंतर चित्रण ‘पुसले गेले’ तर ते पुसले गेले नाही, पुसू दिले, असे म्हणायला तुमच्या हाती कागद असेल.

न्यायालयांनीही याबाबत बोलून ठेवले आहे. वाराणसीच्या एका हॉटेलातील मृत्यूच्या खटल्यात, टोमासो ब्रुनो प्रकरणात, २० जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची जन्मठेप रद्द केली. हॉटेलात कॅमेरे असताना त्यांचे चित्रण न्यायालयापुढे आणले नाही, याचा अर्थ सरकार पक्षाच्या विरुद्ध घेतला गेला. खातेअंतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे, पण नैसर्गिक न्याय लागू होतोच, आणि ज्याच्या ताब्यात उत्तम पुरावा आहे त्याने तो दडवला तर त्याचा अर्थ काय, हे चौकशी अधिकाऱ्यालाही कळते. त्याने कळून न कळल्यासारखे केले तर कामगार न्यायालयाला कळते.

दुसरा खटला आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला की नाही, यावर तो लढला गेला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचा. या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्र हजर केले नाही, प्रत हजर केली, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण आपल्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा. चित्रण ज्यांच्या ताब्यात होते ते अधिकारी मागूनही प्रमाणपत्र देत नव्हते. मागणाऱ्याने शक्य ते सारे केले असेल तर दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा त्याला देता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो. चौकशीत व्यवस्थापनाने फीत पुढे केली की पहिल्याच बैठकीत मागा: मूळ यंत्र कुठे आहे, प्रत कोणी काढली, प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य कुठे आहे. मागणी कामकाजाच्या नोंदीत लिहून घ्या.

घड्याळाचाही मुद्दा आहे. चित्राच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ ही देवाची वेळ नसते, ती त्या संगणकाची असते. संगणकातला छोटा सेल उतरला, वीज गेली, कोणी वेळ लावलीच नाही, की घड्याळ मागेपुढे होते. हजेरीच्या यंत्राचे घड्याळ वेगळे. उशिरा आल्याबद्दल दंड होत असेल तर दोन्ही घड्याळे एका वेळी समोरासमोर ठेवून फरक लिहून घ्या. तसेच बरीच यंत्रे हालचाल झाली तरच चित्रण करतात, जागा वाचवायला. अशा चित्रणात मधले तुकडे नसतात. स्थिर उभे राहून काम करणारा माणूस त्यात नाहीसाही होऊ शकतो. ‘सलग चित्रण की हालचालीवर?’ हा प्रश्न चौकशीत विचारलाच पाहिजे.

भिंगाबद्दल सुद्धा थोडे. कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या खोक्यावर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. २.८ मिलिमीटरचे भिंग खोलीभर पसरते, त्यात गर्दी दिसते, दूरचे चेहरे नीट दिसत नाहीत. ६ किंवा १२ मिलिमीटरचे भिंग दूरचा चेहरा जवळ ओढते. आग, धूर, पडझड बघायला पसरट भिंग पुरते. तेव्हा उत्पादनाच्या ओळीवर १२ मिलिमीटरचे भिंग एकाच टेबलावर रोखलेले दिसले तर विक्रेत्याचे पत्रक काहीही म्हणो, तो कॅमेरा आगीसाठी बसवलेला नाही.

आता पासवर्ड. या व्यवस्थेत सहसा दोन प्रकारची खाती असतात, फक्त बघणाऱ्याचे आणि सगळे बदलू शकणाऱ्याचे. कोण केव्हा आत शिरला, काय बघितले, काय काढून नेले, याची नोंद बहुतेक चांगली सॉफ्टवेअरे ठेवतात. ही नोंद चालू आहे का आणि ती संघटनेला दाखवणार का? कपड्यांच्या कारखान्यात ओळीवर बसणाऱ्या बहुतेक बाया आणि वर उभे राहणारे बहुतेक पुरुष. कोणता सुपरवायझर घरी रात्री मोबाइलवर कोणती ओळ बघत बसतो, हे त्या बायांना कळण्याचा हक्क नाही काय? विक्रेत्याने ठेवलेला मूळ पासवर्ड कोणी बदलतच नाही, हा दुसरा धोका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण बाहेर विकले गेल्याचे उघड झाले, ते याच बेफिकिरीतून. संगणक इंटरनेटला जोडायचाच कशाला, असा प्रश्न करारात घाला. कारखान्याच्या आतच राहिला तर निम्मी भानगड मिटते. आणि मायक्रोफोन! हल्लीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो आतच असतो. चहाच्या वेळी दोन कामगार काय बोलतात हे ऐकणे कोणत्या चोरीसाठी?

व्यवस्थापनाचा वकील म्हणेल, कॅमेरा ही मालमत्तेची बाब, सेवाशर्तींशी त्याचा संबंध नाही. याला आपले उत्तर तयार हवे. औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ आपल्या ओळखीचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तेच कलम ४० म्हणून तिच्यात आले. तिसऱ्या अनुसूचीतील बाबींत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. अनुसूचीत ‘कॅमेरा’ हा शब्द नाही. पण शिस्तीचे नवे नियम लागू करणे किंवा असलेले बदलणे हे आहे, आणि चालत आलेल्या प्रथेत बदल हेही आहे. जोपर्यंत कॅमेरा स्टोअरचे कुलूप बघतो तोपर्यंत ती मालमत्तेची बाब असेल. ज्या दिवशी त्या चित्रावरून पहिली कारणे दाखवा नोटीस निघते, त्या दिवशी तो शिस्तीचा नियम झाला. नोटिशीशिवाय लागू केलेला शिस्तीचा नियम!

संहितेने आपल्याला एक फटकाही दिला आहे. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच आहे. पीण्यातल्या बहुसंख्य कारखान्यांत तीनशे कामगार कधी नव्हतेच. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना तर कर्नाटक सरकारने स्थायी आदेशांतून आधीपासूनच सूट देत आणली. तिथे कॅमेरा छतावर नसतो, तो लॅपटॉपच्या कपाळावर असतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाट मोकळी ठेवली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी ज्यांच्या याचिकेवर लागला, ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी बेंगळुरूचेच. त्या हक्काचा प्रकाश कारखान्याच्या फाटकाच्या आत अजून नीट पोचलेला नाही.

बाहेर काय चालते ते पाहा. जर्मनीत कामगाराच्या वर्तनावर किंवा कामावर नजर ठेवू शकणारे कोणतेही तांत्रिक साधन बसवायचे तर कारखान्यातील कामगार समितीची संमती लागते. त्यांच्या कायद्याच्या कलम ८७ मध्ये ते स्पष्ट आहे. बेंगळुरूत जर्मन कंपन्या थोड्या नाहीत. जी गोष्ट त्या स्टुटगार्टमध्ये विचारल्याशिवाय करू शकत नाहीत, ती इथे विचारल्याशिवाय का करतात? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या आचारसंहितेतही कामगारांना आधी कारण, वेळ व पद्धत सांगितल्याशिवाय नजर ठेवू नये असे म्हटले आहे.

एक विषयांतर करतो, थोडेच. बेंगळुरूच्या एचएमटीने पिढ्यान्‌पिढ्या या देशाच्या मनगटावर घड्याळ बांधले. ते घड्याळ कामगाराचे होते, पाळी सुटायची वेळ तो त्यात बघायचा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचे ठरवले. पुढच्या काही वर्षांत नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. ती त्यांना वेळ सांगण्यासाठी नव्हती, ते कुठे आहेत हे साहेबाला सांगण्यासाठी होती.

तेव्हा मागणीपत्रात काय असावे? कॅमेऱ्यांचा नकाशा, प्रत्येकाच्या क्रमांकासह आणि भिंगाच्या आकड्यासह, सूचना फलकावर. नकाशाबाहेरचा एकही कॅमेरा नाही, लपवलेला तर नाहीच. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, विश्रांतीची जागा, जेवणघर, पाळणाघर आणि संघटनेची कचेरी वगळलेली. कॅमेऱ्याचा कोन वळवून ती टाळता येत नसतील तर सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरायची आणि तिचा पासवर्ड दोन्ही पक्षांच्या हाती, अर्धा-अर्धा. हे हास्यास्पद वाटते का? बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्याला कोणी हसत नाही. चित्रण किमान ३० दिवस, आणि तक्रार किंवा अपघात असेल तर प्रकरण मिटेपर्यंत. उत्पादनाचे लक्ष्य, वेग, शौचालयाला लागलेला वेळ यांसाठी चित्रण वापरता येणार नाही. शिस्तभंगासाठी वापरायचेच तर संपूर्ण पाळीची प्रत कामगाराला आरोपपत्राबरोबरच. अपघात झाला तर तीच प्रत संघटनेला २४ तासांत. हे शेवटचे कलम विसरू नका. प्रेसवर बोट गेल्यावर गार्ड बसवलेला होता की काढलेला होता, हे त्या डिस्कवर असते, आणि अशा वेळी डिस्क फार लवकर भरते.

एक गोष्ट करू नका. कॅमेऱ्याला चुन्याचे बोट लावणे, वायर कापणे, टोपी अडकवणे. तरुण साथींना यात मजा वाटते. त्याने फक्त बडतर्फीचे कलम फुकट हाती जाते, आणि शेजारचा कॅमेरा ते टिपतोच.

राहिली ती कॅमेरे बसवणारी पोरे. एस. पी. रोडच्या दुकानांतून मोटारसायकलवर केबलचे वेटोळे घेऊन निघतात, शिडीवर चढतात, पट्टा नाही, हेल्मेट नाही, नगामागे पैसे. पडले तर त्यांचा मालक कोण हे ठरवण्यातच वर्ष जाते. कुठल्या कारखान्यात कोणता कॅमेरा कुठे लपवला, कोणता पासवर्ड बदलला नाही, डिस्क केवढी बसवली, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. शाखेच्या पुढच्या सभेला त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बोलवा, त्यांचा प्रवासखर्च द्या आणि त्यांच्या मजुरीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्या.